अड्डा आणि स्थानक

महाराष्ट्रातून कोणी पाहुणा ग्वाल्हेरला आमच्याकडे यावा आणि घरातील एखाद्या मुलाने ‘बाबा अड्ड्यावर गेलेत’ असे सहजपणे सांगावे, की पाहुण्याची मुद्रा पाहण्यासारखी होते. पुण्या-साताऱ्याकडच्या मराठीत अड्डा म्हटला की तो जुगाराचा, दारूचा, फार तर टवाळखोरांचा. आमच्या मराठीत तो बसचा. हिंदीतून आला आणि दोन पिढ्यांत घरचा होऊन बसला. खुलासा केला की पाहुणा हसतो व म्हणतो, ‘म्हणजे एसटी स्टँड होय!’ तथापि अड्डा म्हणजे एसटी स्टँड नव्हे, आणि या दोहोंत केवळ शब्दाचे अंतर नाही, हे मला वाचकांसमोर मांडावयाचे आहे.

दुसराही एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील बसस्थानकावर ध्वनिक्षेपकातून जी घोषणा होते ती ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ अशी. आमच्याकडे बसचा माणूस दारात लोंबकळत ओरडतो, ‘एक सवारी! बस, एक सवारी और!’ मराठीत सवारी निघते ती राजाची, नाही तर देवाची. येथे आपण स्वतःच सवारी होतो; पण हा मान नव्हे, मोजदाद आहे. प्रवाशाला कोठे तरी पोहोचावयाचे असते, तर सवारी भरावयाची असते. एम.ए. मराठीत केले आणि उभे आयुष्य हिंदी माध्यमाच्या शाळेत घालविले, त्यामुळे शब्दांकडे असे तिरके पाहण्याची खोड मला लागली आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

दळणवळणाच्या बाबतीत आपले ग्वाल्हेर मुळात मागासलेले नव्हते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर शहर झाले. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्या छावणीच्या मागोमाग, घोड्यावरून वा बैलगाडीतून येथे आले. पुढे माधवराव महाराजांनी दोन फूट रुंदीच्या रुळांवर आपली छोटी आगगाडी भिंड, शिवपुरी आणि श्योपुरपर्यंत नेली. श्योपुरचा तो सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता कापावयास दिवस जाई; पण गाडी रोज सुटे आणि रोज पोहोचे. २०२० मध्ये ती थांबली, कारण तेथे आता रुंद मार्ग होत आहे.

रस्त्यांवरही ग्वाल्हेरचे नाव होते. ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’ हे नाव आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. परंतु स्वातंत्र्य मिळाले तेव्हा खुद्द दिल्ली शहरात बस चालविण्याचा परवाना या कंपनीकडे होता. राजधानीतील लोक ग्वाल्हेरच्या बसमधून कचेरीत जात होते! मे १९४८ मध्ये, कंपनीची सेवा अपुरी पडते असे म्हणून, केंद्र सरकारने दिल्लीची वाहतूक आपल्या हाती घेतली. दिल्लीच्या आजच्या परिवहन निगमाचा उगम तेथे आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेस ग्वाल्हेर, इंदूर आदी संस्थाने मिळून मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. आणि त्यानंतर चारच दिवसांनी, १ जून १९४८ रोजी, मुंबई प्रांताच्या सरकारची पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. एकाच उन्हाळ्यात तीन ठिकाणी एकच विचार रुजला होता, तो असा की माणसाला गावोगाव पोहोचविणे हे सरकारचे काम आहे. मध्य भारताने आपले रोडवेज चालविले. १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि १९६२ साली मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम स्थापन झाले. लोकांच्या तोंडी मात्र जुने नाव राहिले, ते शेवटपर्यंत: रोडवेज.

रेल्वे स्थानकाजवळचा रोडवेजचा तो अड्डा मला लहानपणापासून आठवतो. भिंतीवर रंगाने लिहिलेले वेळापत्रक होते. त्यातील काही अक्षरे उडालेली, काही वेळा खडूने बदललेल्या. ‘पूछताछ’ असे लिहिलेल्या खिडकीमागे एक चष्मेवाले बाबू बसत. त्यांचा स्वभाव तिरसट होता. दुसऱ्यांदा विचारले तर ते भिंतीकडे बोट दाखवीत. परंतु विचारण्यासारखी खिडकी होती आणि बोट दाखविण्यासारखी भिंत होती, याचे महत्त्व तेव्हा कोणास वाटले नाही. खिडकीपाशी गजकवाले, शेंगदाणेवाले, काकडीला मीठ-मिरची लावून देणारी मुले यांची गर्दी असे. ते दिवस चंबळच्या भीतीचे होते. १९७२ मध्ये जौऱ्याला मोठे आत्मसमर्पण होऊनही भीती संपली नव्हती. १९८३ च्या फेब्रुवारीत फुलनदेवीने भिंडला शस्त्रे ठेवली तोपर्यंत आमच्या घरी ‘दिवेलागणीच्या आत परत या’ हे वाक्य केवळ मुलांना नव्हे, मोठ्या माणसांनाही ऐकवले जाई. तशा दिवसांतही भिंडची पहाटेची रोडवेज सुटत असे. तीत दहा माणसे असोत की साठ, घड्याळाचा काटा आला की चालक विडी विझवून वर चढे.

गुणगान पुरे. रोडवेजच्या गाड्या वाईट होत्या. पावसाळ्यात छत गळे, हिवाळ्यात काचा लागत नसत, आणि मध्येच बंद पडलेल्या गाडीला खाली उतरून ढकलण्याचा अनुभव नसलेला माणूस त्या काळच्या ग्वाल्हेरात विरळाच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी परवाने सैल झाले. चांगल्या रस्त्यांवर खाजगी गाड्या रोडवेजच्या पुढे पाच मिनिटे सुटून माणसे उचलू लागल्या, आणि तोट्याची, खडबडीत रस्त्यांची गावे तेवढी निगमाच्या वाट्यास राहिली. कर्मचाऱ्यांचे पगार थकले. अखेर २००५ साली शासनाने निगम बंद करण्याचा निर्णय घेतला आणि पुढील काही वर्षांत उरल्यासुरल्या गाड्याही थांबल्या. इतक्या मोठ्या राज्यात सरकारची स्वतःची गावोगाव जाणारी बस नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातील नातेवाइकांना सांगितली की त्यांचा प्रथम विश्वासच बसत नाही.

आजची रीत अशी. प्रत्येक गाडीला परवाना असतो, परवान्यावर वेळही असते. पण ती वेळ गाडीने अड्ड्यावरून हलावयाची. हलणे आणि सुटणे यांत फरक आहे, हे ग्वाल्हेरकरांना सांगावयास नको. शिवपुरीची गाडी हलते, कोपऱ्यावर थांबते, पुन्हा हलते, पुढच्या चौकात इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे गुरगुरत उभी राहते. ‘चल रही है, चल रही है’ असे म्हणत सामान वर चढविले जाते. एकदा भरली, आणि मागून दुसरी गाडी येताना दिसली, की मग घाटीगाव, मोहना, सतनवाडा ही गावे अशी मागे पडतात की आजीबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू करावी. आरंभी गोगलगाय आणि पुढे वावटळ, हा एकाच गाडीचा दुहेरी स्वभाव भरण्याच्या हिशेबातून आलेला आहे. चालकाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. त्याची रोजची कमाई आसनांवर ठरते. आग्रा किंवा झाशीकडे जाताना उत्तर प्रदेशची, धौलपूरकडे राजस्थानची रोडवेज मिळून जाते. म्हणजे ग्वाल्हेरहून परराज्यात जाणाऱ्याला सरकारी गाडी आहे; आपल्याच जिल्ह्यातील खेड्यात जाणाऱ्याला नाही!

ग्वाल्हेर ते शिवपुरी हे अंतर साधारणपणे पुणे ते सातारा एवढेच भरते. इकडे शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी, तिकडे छत्रपतींची गादी. माझी थोरली आत्या सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात दिलेली. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड याच तालुक्यातले, त्यामुळे आमचे वडील गमतीने म्हणत, ‘आपण ग्वाल्हेरची मुलगी परत केली.’ दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात आम्ही झेलम एक्स्प्रेसने पुण्याला उतरत असू आणि स्वारगेटला येऊन साताऱ्याची एसटी धरीत असू. आगगाडीत आम्ही ग्वाल्हेरचेच असायचो. महाराष्ट्रात आल्याची खूण पटे ती स्वारगेटच्या फलाटावर. फलाटांना क्रमांक होते आणि प्रत्येक फलाटावर गावांच्या नावांची पाटी होती. ‘गाडी लागली का हो?’ असे कोणी विचारले की वडील थबकत, कारण आमच्याकडे गाडी लागते ती पोटात ढवळणाऱ्या मुलाला. तेथे ती फलाटाला लागते. खंबाटकीच्या घाटात माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरत, ती गोष्ट निराळी.

परंतु या सर्वांहून अधिक नवल मला वाटे ते आत्याच्या गावातील वस्तीच्या गाडीचे. हा शब्द ग्वाल्हेरच्या मराठीत नाही, कारण ती वस्तूच आमच्याकडे नाही. संध्याकाळची शेवटची एसटी गावात येई आणि परत न जाता तेथेच राही. रस्ता संपे तेथे, मारुतीच्या देवळापुढे, ती रात्रभर उभी असे. चालक व वाहक देवळाच्या पडवीत पथारी टाकीत. आत्याच्या घरून पाळीने त्यांना भाकरी आणि पिठले जाई. आत्या ताट झाकून माझ्या हाती देई व बजावी, ‘मास्तरांना सावकाश जेवा म्हणावं.’ वाहकाला मास्तर म्हणतात हे मला तेथेच कळले. पहाटे अंधारात चालक गाडीचे तोंड पुसून इंजिन सुरू करी. तो आवाज हा गावाचा गजर होता. मग कोरेगावच्या शाळेला, महाविद्यालयाला जाणारी मुले दप्तरे घेऊन, दुधाच्या किटल्या आणि भाजीच्या पाट्या यांतून वाट काढीत चढत. त्यांत मुली बऱ्याच असत. कोणाही बापाला गाडी येईल की नाही याची चिंता नसे, कारण ती आलेलीच होती. रात्रभर दारात झोपली होती.

आज मी शाळेत बसून हजेरीपट उघडतो तेव्हा त्या गाडीची आठवण होते. माझी शाळा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, मुख्य रस्त्याच्या जरा आत आहे. आसपासच्या सात-आठ खेड्यांतून मुले येतात. आठवीपर्यंत जवळच्या शाळांत निभावते. नववीपासून आमच्याकडे यावे लागते. शासन नववीच्या मुलामुलींना सायकली देते, ही फार चांगली गोष्ट आहे आणि चार-पाच किलोमीटरपर्यंत ती पुरते. बारा-चौदा किलोमीटर, त्यातही निम्मा रस्ता रेतीच्या डंपरांचा, अशा ठिकाणी आई-बाप सायकल घरातच ठेवून घेतात. मग उरते बस.

आता बस भरेल तेव्हा सुटणार. शाळेची प्रार्थना साडेदहाला. लग्नसराईत गाडीच वरातीला जाते. मालकाला एका वरातीत जे मिळते ते खेड्याच्या चार दिवसांच्या फेऱ्यांत मिळत नाही. एखाद्या मोठ्या सभेसाठी गाड्या अधिग्रहित झाल्या की तीच गत. पंचांग न उघडता मी हजेरीपटावरून लग्नतिथी सांगू शकतो. ठरावीक गावांच्या नावांपुढे एकदम अनुपस्थितीची रांग लागली की समजावे, मुहूर्त दाट आहे. मुलगे दुचाकीच्या मागे, ट्रॅक्टरवर, कसेही येऊन पोहोचतात. मुली येत नाहीत. आणि मुलगी पंधरवड्यात चार दिवस घरी राहिली की पाचव्या दिवशी तिच्या हाती धाकटे भावंड येते. वर्षअखेरीस नाव कमी करण्याचा अर्ज घेऊन बाप समोर उभा राहतो. अर्जात कारण लिहिलेले असते, ‘घरेलू.’ बसचे नाव कोणत्याही अर्जात मी वाचलेले नाही.

महाराष्ट्रात शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकर यांचे. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर, नर्मदेच्या काठी, म्हणजे आमच्या राज्यात! ज्या माउलीने वाटसरूंसाठी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्या नावाने चौंडीकडची मुलगी फुकट शाळेस जाते आणि तिच्या माळव्यातील मुलीला सरकारी बसचे दर्शनही नाही. १७ मार्च २०२३ पासून तेथे सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. आत्या आज हयात असती तर तिने निम्म्या पैशांत दुप्पट माहेरपणे केली असती.

एसटी म्हणजे स्वर्ग, असे मात्र कोणी समजू नये. तिचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेलेला आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, आणि तेवढे महिने वस्तीची गाडी म्हणजे काय हे गावांना तिच्या नसण्यातून कळले. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली; किमान बारा जीव गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्याच आवारात, उभ्या बसमध्ये, एका तरुणीवर अत्याचार झाला. ती बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. ज्या फलाटावर आई आम्हां भावंडांना निःशंकपणे सामानापाशी बसवून पाणी आणावयास जाई, तेच ते आवार. परंतु या प्रत्येक वेळी जाब विचारावयास कोणी तरी होते. विधानसभेत प्रश्न झाले, चौकशी झाली, लोक आगारावर चालून गेले. आमच्या गुना जिल्ह्यात २७ डिसेंबर २०२३ च्या रात्री गुन्याहून आरोनकडे जाणारी खाजगी बस डंपरवर आदळून पेटली व तेरा माणसे जळून गेली. त्या गाडीला परवाना नव्हता, विम्याची मुदतही उलटून गेली होती, असे नंतर उघड झाले. अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. गाडी कोणाच्या भरवशावर रस्त्यावर होती, या प्रश्नाला मात्र एकच एक धनी सापडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या नावाच्या योजनेस मंजुरी दिली. गाड्या खाजगी मालकांच्या, परंतु मार्ग, वेळा आणि देखरेख शासनाच्या कंपनीकडे, असे तिचे स्वरूप आहे. इतक्या वर्षांनी सरकारच्या कागदावर बसच्या वेळा पुन्हा उमटणार, याचा मला आनंद झाला आहे, तो लपविण्याचे कारण नाही. योजना आखणाऱ्यांनी इंदूर-भोपाळच्या वातानुकूलित गाड्यांचा विचार केलाच असेल. माझे मागणे लहान आहे. प्रत्येक तालुक्यात दहा-वीस गावे अशी निवडावी की जेथे शेवटची गाडी रात्री मुक्कामास राहील आणि सकाळी, भरली असो वा रिकामी, ठरल्या वेळी निघेल. चालकाच्या भाकरीची काळजी शासनाने करू नये. ती गाव करील. आपल्याकडची खेडीही त्या बाबतीत साताऱ्याच्या मागे नाहीत.

या जुलैत एक शेतकरी आपल्या मुलीला नववीत घालण्यासाठी माझ्याकडे आला होता. मुलगी आठवीत वर्गात पहिली आलेली; बाप खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला. वह्या-पुस्तकांचे, गणवेशाचे, शिष्यवृत्तीचे सर्व काही त्याने नीट ऐकून घेतले. मग विचारले, ‘माटसाब, बस कितने बजे मिलेगी?’ मी त्याला शाळा भरण्याची वेळ सांगितली आणि सुटण्याची सांगितली. बसची वेळ सांगण्याजोगी माझ्यापाशी नव्हती. मुलीचे नाव पटावर घेतले आहे. आठवड्यातून तीन दिवस येते, कधी चार.